वाचकांचे प्रश्न : वाटीचे माप आणि वजनाचा काटा

प्रश्न : आमचा बचत गट शेंगा चटणी करतो. घरचे प्रमाण चार वाट्या भाजून सोललेले शेंगदाणे, अर्धी वाटी लाल तिखट, दोन चमचे मीठ आणि अंदाजाने लसूण असे आहे. आता पाच किलोची मागणी आली आहे. वाट्यांचे ग्रॅम कसे काढावेत?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वाटीचे ग्रॅम सांगणारे एकच उत्तर नाही, कारण वाटी जिन्नस किती जागा व्यापतो हे दाखवते आणि त्याच जागेत मावणाऱ्या जिनसांचे वजन फार वेगवेगळे असते. १०० मिलिलिटरच्या भांड्यात पाणी १०० ग्रॅम, तेल सुमारे ९२, साखर ८० ते ८५, अख्खे शेंगदाणे सुमारे ६०, तर गव्हाचे पीठ सैल भरल्यास जेमतेम ५० ग्रॅम भरते. तेच पीठ वाटी पिठात खुपसून दाबून घेतले, तर ६० ग्रॅमपर्यंत जाते. तिखटाचेही असेच असल्याने छापील तक्त्यांवर, विशेषतः २४० मिलिलिटरचा कप धरून केलेल्या परदेशी तक्त्यांवर, आपल्या वाटीसाठी विसंबू नये.

प्रथम रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि ती काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम येतील, तितक्या मिलिलिटरची ती वाटी. समजा, ती १५० मिलिलिटरची निघाली, तर चार वाट्या शेंगदाणे सुमारे ३६० ग्रॅम आणि अर्धी वाटी तिखट ३५ ते ४० ग्रॅम होईल. पाच मिलिलिटरचा सपाट चमचा बारीक मिठाचे सुमारे ६ ग्रॅम देतो, म्हणजे दोन चमच्यांचे १२. लसूण धरून एका घाण्याची चटणी सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरेल, म्हणून पाच किलोंसाठी सर्व जिन्नस बारापट घ्यावेत : शेंगदाणे ४ किलो ३२० ग्रॅम, तिखट साधारण ४५० आणि मीठ १४४ ग्रॅम. हे आकडे आमच्या कल्पित वाटीचे आहेत. आपण मात्र एकदा नेहमीच्या हाताने चटणी करताना प्रत्येक जिन्नस भांड्यात टाकण्यापूर्वी तोलावा आणि तोच आकडा वहीत लिहावा, लसणासह. अंदाजाचा लसूण बारापट करता येत नाही.

मिठाबाबत अधिक दक्षता हवी. घरातला चमचा पाच मिलिलिटरचा असेलच असे नाही, आणि शीग लावून घेतलेला चमचा सपाट चमच्याहून बराच जड असतो. एका घाण्यात न जाणवणारा हा फरक बारापटीत चटणी खारट करतो. शिवाय भाजताना शेंगदाण्यांतील ओलावा उडतो आणि साले निघतात, त्यामुळे बाजारातून कच्चे दाणे आणताना वरील वजनापेक्षा थोडे जास्त घ्यावेत. तयार चटणी वाटीने मोजून पाकिटे भरू नयेत : कुटताना सुटलेल्या तेलामुळे ती दाबली जाते आणि दोन वाट्यांचे वजन सारखे येत नाही. विक्रीसाठी वैधमापन (वजन-मापे तपासणाऱ्या सरकारी) विभागाची मुद्रा असलेला काटाच वापरावा.

प्रश्न : आजीच्या वहीत ‘एक शेर रवा’ असे लिहिले आहे. तो किती धरावा?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. परंतु भांड्याने धान्य मोजण्याचा मापी शेर निराळा होता आणि तो गावोगावी बदलत असे. वहीत इतरत्र चिपटे, मापटे किंवा पायली असे धान्याच्या मापांचे शब्द असतील, तर तो मापी शेर समजावा. अशा वेळी साखर आणि तूपही त्याच मापाने लिहिलेले असल्यास ग्रॅमच्या मागे न लागता कोणत्याही एका भांड्याने सर्व जिन्नस त्याच प्रमाणात घ्यावेत.