एलएल.बी. आणि लोकप्रशासनातली पदव्युत्तर पदवी सोबत करता येते का? केली तर उपयोग काय?

करता येते, पण दोन्ही नियमित कॉलेजातून नाही. एलएल.बी. नियमित आणि लोकप्रशासन दूरशिक्षणातून, हा त्यातला सरळ रस्ता. मी तसंच केलं. पुण्यात तीन वर्षांचं एलएल.बी. आणि त्याला जोडून इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमपीए, म्हणजे लोकप्रशासनातली पदव्युत्तर पदवी. आता महसुली अपिलं आणि मॅटमधली, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणातली, सेवाविषयक प्रकरणं चालवतो. तुम्ही लिहिलंय की बी.ए. झालंय, लॉ सीईटी दिली आहे, एमपीएससीही डोक्यात आहे आणि अमेरिकेतल्या जोड-पदवीबद्दल वाचून हा विचार आला. त्याच क्रमाने नाही, पण सगळ्याला उत्तर देतो.

आधी नियम, कारण इथेच बरेच जण फसतात. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. ती बातमी वाचून मुलं दोन कॉलेजांत प्रवेश घेतात. पण त्याच मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय की जिथे व्यावसायिक परिषदेचे नियम लागू असतील तिथे तेही पाळावे लागतील. कायद्याच्या शिक्षणाला बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियम लागू आहेत. त्यातला नियम ६ एलएल.बी. करताना दुसऱ्या कोणत्याही नियमित पदवीला मनाई करतो. अपवाद आहेत ते एकाच संस्थेच्या एकात्मिक अभ्यासक्रमाला, भाषा किंवा संगणकाच्या छोट्या अर्धवेळ प्रमाणपत्रांना आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षणाला. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानंतर तर कॉलेजं विद्यार्थ्याकडून लेखी घोषणापत्र घेतात की दुसरी नियमित पदवी चालू नाही. तिथे खोटं लिहिलं तर प्रश्न पुढे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेताना उभा राहू शकतो. म्हणून दूरशिक्षणाचा प्रवेशही लपवू नका. प्राचार्यांना अर्ज द्या, नियम ६ चा उल्लेख करा आणि पोच घेऊन ठेवा.

अमेरिकेत जेडी (तिथली कायद्याची पदवी) आणि एमपीए एकत्र करण्याची सोय अनेक विद्यापीठांत आहे. वेगवेगळं केलं तर तीन अधिक दोन अशी पाच वर्षं लागतात. काही विषय दोन्हीकडे मोजले जात असल्याने एकत्र केल्यावर साधारण चार वर्षांत काम होतं. तिकडे शहर प्रशासन, राज्य सरकार किंवा नियामक संस्थेत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी ती रचना आहे. परत येऊन इथे वकिली करायची असेल तर बार कौन्सिलची मान्यता आणि पात्रता परीक्षा वेगळी. महाराष्ट्राच्या कारभारात काम करायचं असेल तर एवढं कर्ज काढून तिकडे जाण्यात मला अर्थ दिसत नाही. धोरणाचाच ओढा असेल तर एलएल.बी. झाल्यावर बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमधला सार्वजनिक धोरणाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बघा.

आता उपयोग. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण खरा निर्णय याच्यावर व्हायला हवा.

शेतरस्त्याचं प्रकरण घ्या. शेजाऱ्याने वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला की शेतकरी तहसीलदाराकडे जातो. तहसीलदार मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा काढायचा आदेश देऊ शकतो, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत दावा यावा लागतो. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आहे. ही दोन कलमं वेगळी, त्यांतली चौकशी वेगळी, वर दाद मागण्याची वाटही वेगळी. प्रत्यक्षात माझ्यासमोर येणाऱ्या कितीतरी आदेशांत दोन्ही एकत्र कालवलेली असतात. समोरच्याला नोटीस बजावल्याचा पुरावा नसतो, स्थळपाहणीचा पंचनामा दोन ओळींचा असतो, आणि कारणांच्या जागी ‘अर्जदाराचे म्हणणे संयुक्तिक वाटते’ एवढंच वाक्य.

एलएल.बी.ने मला हा आदेश का टिकणार नाही ते शिकवलं. नैसर्गिक न्याय (दोन्ही बाजू ऐकून घेणं), सकारण आदेश, अधिकारक्षेत्र, हे प्रशासकीय कायद्याच्या पेपरात असतं. पण तसाच आदेश पुढच्या तालुक्यातून, मग त्याच्याही पुढच्या तालुक्यातून येत राहतो, तेव्हा कायद्याचं पुस्तक गप्प बसतं. त्याचं उत्तर लोकप्रशासनात मिळतं. एकाच माणसावर निवडणूक, आपत्ती, पुरवठा, वसुली आणि हे अर्धन्यायिक काम, कामाचं मोजमाप ‘किती निकाली काढली’ यावर, आणि मदतीला प्रशिक्षण न मिळालेला अव्वल कारकून. हे समजलं की तुम्ही अपील तर लिहिताच, पण जिल्हाधिकाऱ्यांकडे सुनावणीच्या नमुन्यासाठी, नोटिशीच्या नोंदवहीसाठी निवेदनही देता. त्या निवेदनातून अपिलात न येणाऱ्या लोकांचंही भलं होतं. मला या जोडशिक्षणाचं मोल वाटतं ते याचसाठी.

मॅटमध्येही हेच. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात मुदतपूर्व बदलीसाठी लेखी कारणं आणि वरच्या सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. वकील म्हणून फाइलमध्ये ती नाही एवढं दाखवलं की काम होतं. पण फाइल कोणत्या टेबलावरून कशी चढते, टिपणी कोण लिहितं, मान्यता कोणत्या पानावर असायला हवी, हे माहीत असलेला माणूस माहिती अधिकारात नेमका कोणता कागद मागायचा ते जाणतो.

मोठ्या पातळीवर ओबीसी आरक्षणाचं उदाहरण आठवा. मार्च २०२१ मध्ये विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी तिहेरी चाचणी लावली: मागासलेपण तपासणारा समर्पित आयोग, प्रत्येक संस्थेसाठी वेगळं ठरवलेलं आरक्षणाचं प्रमाण आणि एकूण आरक्षणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा. कायद्याच्या भाषेत तीन ओळी. प्रशासनाच्या भाषेत राज्यभरातल्या गावागावाची माहिती गोळा करणारी यंत्रणा. त्यात प्रभागरचनेचा वाद मिसळला. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक बसले. नगरसेवकाविना शहरं चालली. दोन्ही बाजू समजणारी माणसं सरकारात आणि बाहेर जास्त असती तर हा काळ कमी झाला असता, असं माझं ठाम मत आहे.

एमपीएससीबद्दल. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, त्यात एकच वैकल्पिक विषय, दोन पेपर, प्रत्येकी २५० गुण. कायदा आणि लोकप्रशासन दोन्ही शिकलात तरी निवडायचा एकच. मी कायदा सुचवेन, कारण लोकप्रशासनाचा बराच भाग सामान्य अध्ययनात तसाही उपयोगी पडतो. मात्र पद मिळाल्यावर वकिली बंद ठेवावी लागेल, पूर्णवेळ पगारी नोकराला सनदेवर काम करता येत नाही. आणि न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर एमपीएत वेळ घालवू नका. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे, ती वर्षं कोर्टात घाला.

वेळेचं गणित असं. एलएल.बी.ला प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरीचा नियम आहे, मूट कोर्ट (सरावाचं न्यायालय) आणि प्रात्यक्षिकं धरून. पहिल्या वर्षी दुसरीकडे नावच नोंदवू नका. करार, फौजदारी कायदा, संविधान यांची पकड बसू द्या. दुसऱ्या वर्षी जुलैच्या सत्रात एमपीएला प्रवेश घ्या. किमान मुदत दोन वर्षं, कमाल चार, त्यामुळे सगळे पेपर एकदम द्यायची गरज नाही. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात आणि त्या एलएल.बी.च्या सेमिस्टरला अगदी चिकटून येतात. म्हणून एका खेपेला दोन-तीनच पेपर घ्या आणि स्वाध्याय दिवाळीच्या सुट्टीत संपवा. प्रशासकीय कायद्याचा पेपर ज्या सेमिस्टरला असेल, त्याच वेळी एमपीएतलं सार्वजनिक धोरण वाचा, विकेंद्रीकरणाच्या पेपरासोबत ग्रामपंचायत अधिनियम १९५८ समोर ठेवा.

नुसती वाचलेली पदवी इथे चालत नाही. आपल्या तालुक्याचा एकच विषय धरा. रस्ते, वनहक्क, घरपट्टी, काहीही. त्याचा कायदा, त्यावरचे शासन निर्णय, त्याची अर्थसंकल्पातली तरतूद आणि तहसीलदारासमोरची सुनावणी, सगळं शिकत असतानाच मागे लागून बघा. इंटर्नशिप दिवाणी वकिलाकडे केलीत तर उन्हाळ्यातली एक तरी जिल्हा परिषदेच्या किंवा प्रांत कार्यालयाच्या कामाशी जोडून मागा.

तुमचा जिल्हा आणि कॉलेज कळवलंत तर तिथे महसुली काम करणारे वकील कसे शोधायचे तेही सांगेन.