उत्तर: १९६६ची एमजीबी, पत्रा न कापता गाणी

तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दुकानदाराने तुम्हाला काय सांगितलं ते वाचून दिवसभर चैन पडलं नाही. म्हणून सविस्तर लिहितो आहे. मामांची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) तुमच्याकडे आली, डॅशमधला जुना रेडिओमोबाइल कंपनीचा रेडिओ जागेवर आहे पण बंद आहे, आणि रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हला जाताना तुम्हाला गाणी हवी आहेत. दुकानदार म्हणतो, डॅश थोडा कापू, नवा स्टिरिओ बसवू, दारांत सहा बाय नऊचे स्पीकर, डिकीत सबवूफर, दोन दिवसांत गाडी घेऊन जा.

त्याला नाही म्हणा. आजच फोन करून सांगा.

माझ्या गाडीची दारं १९९६ साली अशीच कापली गेली. गाडी देऊन मी ऑफिसला गेलो, संध्याकाळी येऊन बघतो तर दोन्ही दारांच्या आतल्या पत्र्याला जिगसॉने पाडलेली लंबगोल भोकं. स्पीकरचं लोहचुंबक आत इतकं पुढे आलं की काच शेवटची दोन बोटं खाली जाईना. कापलेल्या कडेला कोणी प्रायमर लावला नव्हता. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. तिसऱ्या वर्षी दारांच्या तळाला हात लावला की गंजाचे पापुद्रे पडायचे. ती दारं पुन्हा नीट करायला पत्रेवाल्याला जेवढे पैसे मोजले तेवढ्यात त्या काळी चांगली सिस्टिम तीनदा आली असती, आणि मूळ पत्रा गेला तो गेलाच. तेव्हापासून माझा नियम आहे: या गाडीत जे काही बसवायचं ते पाना आणि स्क्रू ड्रायव्हरने परत काढता आलं पाहिजे, आणि काढल्यावर गाडी होती तशी दिसली पाहिजे. तुमची गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे. २०२१ साली आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे. साउंड सिस्टिममुळे ती मोडत नाही, पण मूळ अवस्थेला किती किंमत आहे हे त्यावरून कळतं.

आता मुद्द्याचं. स्पीकर कुठले, कंपनी कुठली, हे सगळं नंतर. आधी सीटमागचं झाकण उघडा. खाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतील (कोणी बदलून बारा व्होल्टची एकच टाकली असेल तर तसं). त्यातली कोणती बाजू बॉडीला जोडली आहे ते बघा. १९६७च्या अखेरपर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ होत्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. आज मिळणारा जवळजवळ प्रत्येक स्टिरिओ, अॅम्प्लिफायर निगेटिव्ह अर्थचा असतो; त्याची धातूची पेटी म्हणजेच निगेटिव्ह. ती पेटी तुमच्या बॉडीला टेकली की सरळ शॉर्ट. काही मिस्त्री म्हणतात, पेटीला रबर लावून बसवतो, काही होत नाही. दादरच्या माझ्या एका मित्राच्या गाडीत असंच केलं होतं. पेटी बॉडीपासून अलग होती, पण एरियलच्या केबलची जाळी एरियलच्या बुडाशी बॉडीला टेकते हे कोणाच्या लक्षात आलं नाही. एरियल लावताच डॅशच्या मागून धूर आला. बॅटरीची वायर वेळेत काढली म्हणून गाडी वाचली, हार्नेस (वायरींचा जुडगा) मात्र निम्मा जळला.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. मामांची गाडी जशी आहे तशीच ठेवायची असेल, तर इनपुट आणि आउटपुट एकमेकांपासून पूर्ण अलग असलेला डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर मिळतो, त्यावर एक छोटा ब्लूटूथ अॅम्प्लिफायर चालतो. एरियल त्याला जोडायचाच नाही, गाणी फोनवरून. आवाज माफक, गाडीला धक्का नाही. दुसरी वाट गाडी निगेटिव्ह अर्थ करण्याची. ती परत फिरवता येते, म्हणून मला मान्य आहे. मी स्वतः तीच घेतली.

हे काम जुन्या गाड्यांचं वायरिंग जाणणाऱ्या माणसाकडूनच करा, आणि तो काय करतो ते जवळ उभं राहून बघा. बॅटरी उलटी बसते. पॉझिटिव्हचा खुंट निगेटिव्हपेक्षा जाड असतो, म्हणून केबलचे क्लॅम्पही बदलावे लागतात. मग डायनॅमोला (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला) नवी दिशा शिकवावी लागते. त्याच्या एफ टर्मिनलवरची वायर काढायची आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून आणलेली वायर त्या टर्मिनलला क्षणभर, दोन-तीनदा टेकवायची. बारीक ठिणगी पडते, तेवढं पुरे. हे न करता इंजिन चालू केलं तर डायनॅमो उलट्या दिशेने वीज देतो आणि कंट्रोल बॉक्सचे (डायनॅमोची वीज सांभाळणाऱ्या पेटीचे) पॉइंट जळतात. इग्निशन कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. न केली तरी गाडी चालते, पण ठिणगी कमजोर राहते.

सगळ्यात नाजूक काम टॅकोमीटरचं, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचं. तुमच्या सालच्या गाडीत तो इलेक्ट्रॉनिक आहे. आत वीजपुरवठ्याची जोडणी उलटी करावी लागते, आणि मागच्या बाजूला कॉइलच्या पांढऱ्या वायरचा जो वेढा असतो तोही उलट्या दिशेने घ्यावा लागतो. हे लक्षात न ठेवता बॅटरी उलटी केली तर टॅकोमीटर हातचा जाईल. पेट्रोलचा एसयू कंपनीचा पंप मूळचा, साध्या पॉइंटचा असेल तर त्याला दिशेचं काही नाही. पण नंतर कोणी बदललेला असेल तर आत डायोड असू शकतो, त्यावरचं लेबल वाचा. आणि तो रेडिओमोबाइल! त्या काळच्या कित्येक सेटना मागे अर्थची दिशा बदलायची सोय असते. तीही फिरवा, नाहीतर दुरुस्तीची उरलीसुरली आशाही संपेल.

यानंतर हिशेब विजेचा. तुमचा लुकास डायनॅमो २२ अँपियरचा आहे, तोही इंजिन चांगलं फिरत असताना. पावसाळी रात्र धरा. हेडलाइट आठ अँपियर, बाकीचे दिवे अडीच, इग्निशन साडेतीन, वायपर अडीच-तीन. सतरा इथेच गेले. म्हणजे फ्रीवेवर धावताना तुमच्या गाण्याला पाच उरतात, आणि हाजी अलीच्या सिग्नलला इंजिन आयडलवर आलं की काहीच उरत नाही, सगळं बॅटरीतून जातं. डायनॅमो आयडलवर जवळजवळ काही देत नाही. अल्टरनेटरवर (आजच्या गाड्यांतल्या वीज तयार करणाऱ्या यंत्रावर) वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. दुकानदाराचा तो सबवूफर या गाडीत दोन संध्याकाळी वाजेल आणि तिसऱ्या दिवशी सेल्फ उचलणार नाही.

म्हणून अॅम्प्लिफायर क्लास डी जातीचा, म्हणजे कमी वीज खाणारा, चार चॅनलचा, चॅनलमागे ४०-४५ वॅटच्या आसपास. नेहमीच्या आवाजाला तो सरासरी तीन-चार अँपियर घेतो. पहाटेच्या फेऱ्यांना डायनॅमो पुरतो. रात्री आणि पावसात गाडी काढायची असेल तर डायनॅमोच्याच आकाराच्या कवचात अल्टरनेटर मिळतो, बाहेरून फरक कळत नाही. मूळ डायनॅमो तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवा.

वायरिंगसाठी एक शनिवार काढा. लोहार चाळीत वायर आणि लग, लॅमिंग्टन रोडला फ्यूज होल्डर, कपॅसिटर, चांगलं सोल्डर. वायर घेताना टोक खरवडून बघा. टिनचा मुलामा दिलेलं तांबं बाहेरून पांढरं, पण आत लालसर असतं; आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. ती सोडून द्या. मुंबईच्या हवेत तिची दोन-तीन वर्षांत पांढरी भुकटी होते. बॅटरी सीटमागेच असल्यामुळे अॅम्प्लिफायर तिथल्याच आडव्या पत्र्यावर, मूळ स्क्रूच्या आधाराने एका पातळ मरिन प्लायच्या फळीवर बसवा. वायर जेमतेम मीटरभर लागते. फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत असलाच पाहिजे. तो अॅम्प्लिफायरसाठी नसून त्या वायरसाठी आहे. पत्र्यातून वायर जाईल तिथे ग्रोमेट (रबरी कडी). अॅम्प्लिफायर जागा करणारी बारीक वायर हिरव्या सर्किटवर घ्या, लुकासच्या रंगांत हिरवं म्हणजे इग्निशन चालू असताना फ्यूजमधून येणारं. तपकिरी वायरला कोणालाही हात लावू देऊ नका, तिच्यावर फ्यूज नसतो.

आणि डिकीच्या तळाला ड्रिल लावू देऊ नका. एमजीबीत त्या पत्र्याच्या खाली लगेच पेट्रोलची टाकी आहे. स्क्रू थोडा लांब निघाला की टाकीत.

गाणं सुरू केल्यावर तुम्हाला तीन आवाज ऐकू येतील असं गृहीत धरा. इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी डायनॅमोची. त्याच्या डी टर्मिनलवर एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, एफवर कधीही नाही. कडकड असा आवाज स्पार्क प्लगचा, त्याला रेझिस्टन्सवाल्या प्लग वायर. आणि मागून टकटक ऐकू आली तर तो पेट्रोल पंप. ही सगळी कारणं दूर करूनही गुणगुण राहिली, तर अर्थ वेगवेगळ्या जागी घेतले आहेत असं समजा. सगळे एका बोल्टवर आणा, रंग खरवडून, आणि वर ग्रीस.

स्पीकरचं थोडक्यात सांगता येत नाही, कारण उघड्या गाडीत घरातलं किंवा बंद गाडीतलं गणित चालत नाही. ताशी साठच्या पुढे वारा आणि टायर खालचे सूर खाऊन टाकतात. तबल्याचा डग्गा तुम्हाला ऐकू येणार नाही, कितीही मोठा वूफर लावा. उरतो तो माणसाचा गळा आणि हार्मोनियम. त्यासाठी जागा पायांजवळ, दाराच्या पुढच्या बाजूला. तिथला आतल्या सजावटीचा पुठ्ठा काढा, त्याच्या मापाने मरिन प्लायचा दुसरा पॅनल करा, त्यात सव्वापाच इंची, कमी खोलीचा स्पीकर थोडा वर तोंड करून बसवा. मूळ पुठ्ठा माळ्यावर ठेवा. स्पीकर घेताना वॅट बघू नका, संवेदनशीलता बघा: ९० डेसिबलच्या वरचा घ्या. ३ डेसिबल जास्त म्हणजे निम्म्या विजेत तेवढाच आवाज, आणि तुमच्याकडे वीज मोजकी आहे. कोन पॉलिप्रॉपिलीनचा, कड रबराची. कागदी कोन दमट हवेत मऊ पडतो, फोमची कड काही वर्षांत चुरा होऊन हातात येते. ८०-१०० हर्ट्झच्या खालचं फिल्टरने कापून टाका, छोटे स्पीकर मोकळे गातात.

मागे दोन स्पीकर हवेच असतील तर सीटमागे एक छोटी पेटी, पण हूड (कापडी टप) खाली दुमडून मग माप घ्या. मी आधी पेटी केली आणि हूड बसेना. गालिच्याखाली नमदा किंवा फेल्ट घालू नका, ते पाणी धरून ठेवतं आणि खालचे सिल (दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्या) गंजतात; या गाडीला वेगळी चासी नाही, सिलवरच सगळा भार आहे. बंद पेशींचा (क्लोज्ड-सेल), पाणी न शोषणारा फोम घाला.

रेडिओमोबाइल काढू नका. जुने रेडिओ मनापासून दुरुस्त करणारे लोक अजून मुंबईत आहेत. त्याच पेटीत नवीन एफएम आणि ब्लूटूथचं सर्किट बसवून मूळ बटणांवर चालवता येतं, आणि त्यातून अॅम्प्लिफायरला सिग्नल देता येतो. जुनी सर्किट प्लेट टाकू देऊ नका, नाव लिहून ठेवा. परदेशातून जुन्या धाटणीचा नवा सेट मागवायचा विचार असेल तर एकच बघा, अमेरिकन मापाचा तर नाही ना. तो मीडियम वेव्हवर दहा-दहा किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी जातो, आपल्याकडे नऊच्या पायऱ्या आहेत. आकाशवाणी मुंबईच्या अस्मिता वाहिनीचं ५५८ आणि विविध भारतीचं ११८८, दोन्ही त्याला नेमके सापडत नाहीत. मामांनी त्या डॅशवर बहुतेक हीच दोन ठिकाणं लावली असतील, म्हणून सांगितलं.

सगळं झाल्यावर, चावी काढून, दारं लावून, बॅटरीच्या निगेटिव्ह वायरमध्ये मल्टिमीटर लावा. आधी दहा अँपियरच्या पट्टीवर, मग खालच्या. पाच मिनिटं थांबा. २०-३० मिलिअँपियरपर्यंत ठीक आहे. त्याहून जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, काटा कुठे पडतो ते बघा. आठवड्यातून एकदाच निघणाऱ्या गाडीला सीटमागे बॅटरी कट-ऑफ स्विच बसवून घ्या, आणि त्याची कळ घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवा. टॅकोमीटर उघडायच्या आधी त्याच्या मागच्या बाजूचे फोटो इथे टाका, कोणती वायर कुठे जाते ते मी खुणा करून देतो.