टूलचं वर्णन लिहिताना

एआय एजंट, म्हणजे स्वतः पावलं ठरवून काम करणारं भाषा-मॉडेल, जे फंक्शन बोलावू शकतो ते त्याचं टूल. वर्णनात 'ऑर्डर शोधते' एवढंच लिहून असं टूल एजंटच्या हाती देऊ नकोस. मॉडेलला तुझा कोड दिसत नसतो. नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (टूलला कोणती माहिती कुठल्या रूपात द्यायची, त्याचा आराखडा), एवढ्यावरच ते निर्णय घेतं. तेव्हा तीन-चार वाक्यं तरी खर्च कर: टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही, परत काय मिळतं.

खरा घोळ पॅरामीटरमध्ये होतो. नुसतं 'तारीख' लिहिलंस तर ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे मॉडेल अंदाजपंचे ठरवणार. 'वर्ष-महिना-दिवस, उदा. २०२५-०६-०५, भारतीय वेळेनुसार' असं सरळ लिही. रकमेचं एकक तर सांगच. पेमेंटच्या एपीआयमध्ये (दुसऱ्या प्रोग्रामशी बोलायच्या सोयीत) बऱ्याचदा रक्कम रुपयांत नाही, पैशांत असते. मॉडेल ५०० पाठवतं आणि ग्राहकाला रिफंड जातो ५ रुपयांचा! पर्याय ठरावीक असतील तर स्कीमातच एनम (चालणाऱ्या पर्यायांची यादी) दे, वर्णनात पाल्हाळ नको.

दोन टूल्स मिळतीजुळती असली तर एकात दुसऱ्याचा उल्लेख हवा: 'ऑर्डर नंबर माहीत नसेल तर आधी ग्राहक-शोध वापरा.' काहीच सापडलं नाही तर रिकामी यादी येते की एरर, तेही लिही. नाहीतर एजंट तोच कॉल पुन्हा पुन्हा मारत बसतो. वर्णन बदललंस की चाचणीचे तेच दहा-वीस प्रश्न परत चालव आणि कुठलं टूल निवडलं गेलं ते लॉगमध्ये (कॉलच्या नोंदींत) बघ.