शुक्रवारची तारीख

नागपूर, रविवार

प्रिय पोरी,

रात्री साडेअकराला तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट आला, खाली एकच ओळ: 'मावशी, ऑपरेशनला शुक्रवारची तारीख दिली आहे, करू का?' चष्मा लावून, फोटो मोठा करकरून दोनदा वाचला. उजव्या अंडाशयात ५.४ सें.मी.ची गाठ, आत जाळीसारखे बारीक धागे. अन् अगदी तळाशी, जिथे तुझी नजर पोचलीच नसावी, तिथे लिहिलंय: रक्तस्राव झालेली सिस्ट किंवा चॉकलेट सिस्ट, सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करावी.

म्हणजे ज्यांनी गाठ पाहिली त्यांनाच ती कुठली हे अजून नक्की सांगता येत नाही. मग शुक्रवारची घाई कशाची?

या दोन गाठी सोनोग्राफीत बहिणीबहिणींसारख्या दिसू शकतात, पण स्वभाव वेगळा. दर महिन्याला बीज बाहेर पडतं, त्या जागी कधी रक्त साचून गाठ होते. ती दोन-तीन पाळ्यांत बहुधा आपोआप विरते. चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार. त्यात महिनोन्‌महिने साचलेलं जुनं, घट्ट, तपकिरी रक्त असतं, आणि ती अशी सहसा जात नाही. दोघींतला फरक कळायला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे थांबणं. पाळी संपल्या संपल्या पुन्हा सोनोग्राफी कर, जमलं तर त्याच ठिकाणी, जुना रिपोर्ट हातात घेऊन. लग्न झालेलं नाही म्हणून तुझी पोटावरूनच केली असणार. आतून केली तर जास्त स्पष्ट दिसतं, पण ते तुझी तयारी असेल तरच. कोणी गळ घातली म्हणून नाही.

रक्ततपासणीत सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेने तपासतात तो आकडा) बासष्ट आलं म्हणून आई रडून राहिली, हे कळलं. पस्तीसच्या वर म्हणजे कॅन्सर, असं तिला कुणीतरी सांगितलं. अगं, तुझ्या वयात तो आकडा पाळीच्या दिवसांतही चढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये चढतो, गर्भाशयाच्या गाठींत चढतो, पोटाच्या टीबीतही चढतो. त्या एका आकड्यावरून कुणी पोट उघडू नये. गाठीत भरीव भाग आहे का, रक्तपुरवठा कसा आहे, पोटात पाणी आहे का, हे बघायचं असतं. तुझ्या रिपोर्टमध्ये यातलं काळजीचं काही नाही.

आता माझं ऐक. १९८६ साली मी चोवीस वर्षांची, नोकरीला नवी लागलेली स्टाफ नर्स. डावीकडे गाठ निघाली. एका खासगी दवाखान्यात पोट उघडलं, कागदावर सही सासऱ्यांनी केली. 'गाठ काढली, छान झालं' एवढंच सांगितलं. डावं अंडाशयही गेल्याचं मला सहा वर्षांनी कळलं, दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केली तेव्हा. दुसऱ्यांच्या कागदांवर सह्या घेणारी मी, स्वतःचा कागद वाचला नव्हता. पुढे दोन मुलं झाली, एका अंडाशयावरही होतात. राग मात्र अजून आहे.

म्हणून डॉक्टरांना विचार: नुसती गाठ काढणार की अंडाशयही? चॉकलेट सिस्ट सोलून काढताना आजूबाजूचा चांगला भागही थोडा जातो, बीजांचा साठा कमी होऊ शकतो. तेव्हा ऑपरेशनच ठरलं तर आधी एएमएच, म्हणजे बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, करून घे, आणि संमतीपत्रावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पेन उचलू नको. 'लग्नाआधी उरकून टाका' म्हणणाऱ्या आत्याबाईंना सांग, हे हळदीकुंकू नव्हे.

मी ऑपरेशनच्या विरोधात आहे असं समजू नको. डर्मॉइड गाठ असती तर मीच म्हटलं असतं, वेळ बघून काढून घे. ट्रेमध्ये कापलेली पाहिली आहे मी: लोण्यासारखी पिवळी चरबी, तिच्यात केसांचा गुंता, अन् एकीत चक्क दाढ. नवी नर्स बाहेर पळाली होती. ती काही विरत नाही. तशीच तुझी गाठ आठ आठवड्यांनी तेवढीच राहिली आणि दुखतही असली, किंवा वाढली, तर दुर्बिणीतून काढायचा विचार करू. तीन-चार छोटी भोकं, बहुतेकींना एक-दोन दिवसांत घरी सोडतात. दुसऱ्या दिवशी खांदा दुखला तर घाबरू नको, पोटात भरलेल्या गॅसमुळे दुखतो.

थांबायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं नाही मात्र. एकाएकी एका बाजूला जीव जाईल असं दुखलं, उलट्या झाल्या, चक्कर आली, तर रात्र-अपरात्र न बघता निघायचं. अंडाशयाला पीळ बसला तर हातात काही तासच असतात. काटोलकडची एक पोरगी घरच्यांनी दोन दिवस पोट शेकत, ओवा चारत ठेवली होती. टेबलावर घेतली तेव्हा अंडाशय पिकल्या जांभळासारखं काळंनिळं झालेलं. तुझ्या खोलीवरून मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल जवळ आहे, रिक्षा मिळाली नाही तर मला फोन कर, कितीही वाजले असोत. तोवर जिममधल्या उड्या बंद.

उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून तारीख पुढे ढकल. रागावले तर रागावू देत. अन् दुसरं मत घ्यायला धंतोलीला जाशील तेव्हा मी येते सोबत. पाळी कोणत्या तारखेला आली ते कॅलेंडरवर लिहून ठेव, तू हमखास विसरशील. आईशी मी बोलते.

तुझी मावशी