व्हिएतनाममधून परदेशी गेलेले संशोधक फक्त गणितातच चमकलेत का?

नाही, गाजावाजा मात्र गणिताचा जास्त झाला, आणि तोही आपल्या हैदराबादेत: २०१० साली तिथल्या गणितज्ञांच्या जागतिक परिषदेत हनोईत वाढलेल्या, फ्रान्समध्ये शिकलेल्या न्गो बाओ चाऊ यांना फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळालं. मला विचाराल तर मॉस्कोत शिकलेले, आता शिकागोत असलेले भौतिकशास्त्रज्ञ दाम थान सोन जास्त भारी. द्रवाची स्निग्धता (वाहण्याला होणारा आतला विरोध) त्याच्या एन्ट्रॉपीच्या (अव्यवस्थेच्या मापाच्या) तुलनेत किमान किती असावी, याचा अंदाज त्यांनी सहकाऱ्यांसोबत चक्क कृष्णविवरांच्या गणितातून मांडला! रसायनशास्त्रात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतल्या न्गुयेन थुक क्वेन आहेत. त्यांचं काम सेंद्रिय, म्हणजे कार्बनी पदार्थांपासून बनवलेल्या सौर घटांवर. फक्त सगळ्यांना ‘परदेशी पाठवलेले विद्यार्थी’ समजू नका. क्वेन १९९१ मध्ये कुटुंबासोबत अमेरिकेत स्थायिक व्हायला आल्या, कॉलेज त्यानंतरचं.