उकिर्डा, नकुसा आणि 'बिन'

प्रश्न : जुन्या कागदांत 'उकिर्डा बिन केरू' आणि 'जनाबाई कोम उकिर्डा' अशी नावे निघाली. घरचे म्हणतात, कारकुनाने थट्टा केली असणार. वंशावळीत काय लिहावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : कारकुनाला बोल लावू नका, नावे खरीच आहेत. लागोपाठ मुले दगावली की पुढचे बाळ उकिरड्यावर किंवा केरावर नावापुरते ठेवून उचलून आणायचे आणि तेच नाव द्यायचे, अशी रीत होती. टाकाऊ वस्तूला दृष्ट लागत नाही, हा हिशेब. दगडू, धोंडू त्याच पंगतीतले. भिकाजी मागून आणलेला, सटवाजी सटवाईचा, फकिरा पिराच्या नवसाचा.

याचा शोधात उपयोग होतो. असे नाव दिसले की त्याच्या जन्माआधीच्या दहाएक वर्षांच्या मृत्यूनोंदी चाळा. बापाच्या नावासमोर तान्ह्या मुलांच्या नोंदी मिळू शकतात. मात्र नातवाला आजोबांचे नाव ठेवायची चाल असल्याने एखादा दगडू नुसताच आजोबांचा दगडू असतो. एक पिढी सोडून तेच नाव आले, तर वर्ष पाहिल्याशिवाय दोघांना एक करू नका.

'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'भ्रतार' असेल तर पुढे नवऱ्याचे नाव येते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे नवखा वाचक 'बिन' नावालाच चिकटवतो. सातबाऱ्यावरचे 'अ.पा.क.' आणि 'ए.कु.मॅ.' हीदेखील नावे नव्हेत. पहिले अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाच्या पालनकर्त्यासाठी, दुसरे एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरसाठी. 'ए.कु.मॅ.' असेल तर एकाच भावाचे नाव दिसते. बाकीचे भाऊ नव्हतेच, असे समजू नका.

वंशावळीत नाव कागदावर आहे तसे लिहा. शेजारी घरात वापरायचे नाव, मग नोंदवही, वर्ष आणि पान. उकिर्ड्याचा 'उत्तमराव' करणारे खूप भेटतात; पुढच्या पिढीला मग मूळ नोंद सापडत नाही.

प्रश्न : पणजी सासरच्या कागदांत लक्ष्मीबाई, माहेरचे लोक तिला नकुसा म्हणत. दोन्ही एकच, हे कसे दाखवावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मुलीवर मुली झाल्या की शेवटचीला नकुसा किंवा नकोशी म्हणायचे. ही फार जुनी गोष्ट नाही. २०११ मध्ये साताऱ्यात अडीचशेहून अधिक मुलींची अशी नावे प्रशासनाने समारंभ करून बदलली. त्यात लग्नात नाव बदलायची चाल, म्हणजे बाईचा कागदोपत्री माग दोनदा तुटतो.

जन्मनोंदीत नाव शोधत बसू नका. नोंद बारशाआधीच होत असल्याने कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत (गाव नमुना १४), बहुधा 'अमक्यास मुलगी झाली' एवढेच असते. वडिलांचे नाव, गाव आणि तारीख यांवरून जुळवावे लागते. त्यासाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. एकच साल देऊ नका, पुढेमागे पाच वर्षे धरा आणि गाव त्या काळी कोणत्या तालुक्यात होते ते आधी पाहून घ्या. अर्ज चुकीच्या तालुक्यात गेला की 'नोंद आढळत नाही' असे उत्तर येते.

खरा दुवा माहेरच्या जमिनीत असतो. तिच्या वडिलांचा किंवा निपुत्रिक भावाचा वारस फेरफार (गाव नमुना ६), म्हणजे मृत्यूनंतर जमिनीवर वारसांची नावे लावल्याची नोंद, काढा. तिथे बहिणी-मुली सासरच्या नावाने येतात, क्वचित 'ऊर्फ' लावून. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारांत मुली सहसा गाळलेल्या असतात, म्हणून त्यानंतरचे आधी पाहा. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत.

ती शाळेत गेली असेल तर जनरल रजिस्टरचा उतारा मागा, पण तिथल्या १ जून या जन्मतारखेवर भिस्त ठेवू नका. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी तीच तारीख टाकायचे. पटावरची अर्धी मुले त्यामुळे एकाच दिवशी जन्मलेली दिसतात.