'कॅन्सरची साथ' म्हणू नका, का ते सांगतो

प्रश्न असा आलाय की इंग्रजीत ज्याला कॅन्सर क्लस्टर म्हणतात, म्हणजे एका ठिकाणी, एका ठरावीक काळात, अपेक्षेपेक्षा जास्त लोकांना कॅन्सर होणं, त्याला मराठीत काय म्हणायचं, आणि बातम्यांत 'कॅन्सरची साथ' किंवा 'कॅन्सरचा उद्रेक' लिहितात ते चालेल का. नाही चालणार. साथ तर अजिबात नाही. टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर, सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा ऐकतोय, "आमच्या एरियात कॅन्सरची साथच आलीय", आणि दर वेळी डोकं फिरतं, कारण हा एक शब्द उच्चारला की पेशंटचं ताट वेगळं होतं, त्याच्या घरचं पाणी प्यायला लोक कचरतात.

कर्क म्हणजे खेकडा, ग्रीकमध्ये कार्किनोस, हे शंभर ठिकाणी लिहून झालंय, ते सोडा. खरी गंमत 'साथ'मध्ये आहे. संस्कृतात सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. स अधिक अर्थ, अर्थ म्हणजे धन, माल घेऊन निघालेले ते सार्थ आणि त्यांचा म्होरक्या सार्थवाह. 'सार्थ ज्ञानेश्वरी'तला सार्थही तोच, फक्त तिथे अर्थाचा अर्थ वेगळा. कल्याणला उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला जायचा तो अशाच तांड्यांबरोबर, आणि एकट्यादुकट्याला रानातून जायची भीती म्हणून तोही तांड्याला चिकटायचा, त्यातून साथ म्हणजे सोबत. राल्फ टर्नर या भाषाशास्त्रज्ञाच्या तौलनिक कोशातही आपल्या भाषांमधले हे सगळे साथ सार्थखालीच आहेत. आणि माझं ठाम मत आहे की रोगाची साथ हीसुद्धा तिथूनच आली, कारण तांडा आला की ताप आला, हे गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. 'साथ हा हिंदीतून उसना घेतलेला शब्द' असं छातीठोकपणे सांगणारे जाणकार आहेत, त्यांना एवढंच विचारा की हिंदीत रोगाच्या साथीला साथ म्हणतं कोण? तिकडे महामारी म्हणतात. हा अर्थ आपला आहे.

म्हणजे साथ प्रवास करते. 1896 साली प्लेग मुंबईत मांडवीला दिसला, 1897 उजाडता उजाडता पुण्यात, मग गावोगाव, माणसांबरोबर. साथ येते, पसरते, ओसरते, क्रियापदं सगळी प्रवासाची.

आता कॅन्सरचं बघा. तुर्कस्तानात कप्पाडोशिया भागात काराइन नावाचं गाव आहे. 1970च्या दशकात इझ्झेत्तिन बारिश या डॉक्टरांच्या लक्षात आलं की मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसावरच्या आवरणाचा कॅन्सर, जो एरवी अतिशय दुर्मिळ, तो इथे घरोघरी, गावातले निम्म्याच्या आसपास मृत्यू त्यानेच. कारण निघालं दगडात. ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड, त्यात एरिओनाइट नावाच्या खनिजाचे अतिबारीक तंतू, घरं त्याच दगडाची, भिंत झाडली की धूळ आणि ती धूळ लहानपणापासून छातीत. जवळच कार्लिक नावाचं गाव आहे, तिथे हा रोग नाही. पण काराइन सोडून स्वीडनला गेलेल्यांना मात्र कित्येक वर्षांनी तिकडे झाला, आणि त्यांच्याकडून तिथल्या कुणाला लागला नाही. याला साथ कसं म्हणणार हो?

क्लस्टरला 'समूह' म्हणून मोकळं होणारे भाषांतरकारही मला पटत नाहीत. 'कर्करोग समूह' वाचून कुणालाही पेशंटांचा मदत गट वाटेल. आपल्याकडे दोन अस्सल शब्द पडून आहेत, पुंजका आणि बेट. पुंजका म्हणजे केसांचा, कापसाचा, वाऱ्याने एका कोपऱ्यात जमलेला, मुळाचा पत्ता नाही. बेट म्हणजे पाण्यातलं नव्हे, बांबूचं बेट, वर काठ्या कितीही दिसोत, खाली कंदांचं जाळं एकच. तपास करणारे नेमकं हेच शोधत असतात की हा पुंजका आहे की बेट! भारतात वर्षाला 14 लाखांच्या वर नवे पेशंट सापडतात, मग एखाद्या गल्लीत चार घरी कॅन्सर निव्वळ योगायोगानेही असणार, त्यातही एकाला तोंडाचा, एकीला स्तनाचा, एकाला यकृताचा असेल तर कारणं वेगवेगळीच असण्याची शक्यता जास्त. एकच दुर्मिळ प्रकार, एकच वयोगट असं दिसलं की मग खाली खणायचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावात लहान मुलांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, होत होता, गावच्या दोन विहिरींच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन हे कारखान्यातलं सॉल्व्हंट सापडलं, 1979 साली विहिरी बंद केल्या आणि नंतरच्या सरकारी अभ्यासात आईने गरोदरपणी ते पाणी पिण्याशी संबंध दिसला. तो पुंजका होता, त्याचं बेट झालं.

पंजाबच्या माळवा भागाला सगळे 'कॅन्सर बेल्ट' म्हणतात, भटिंड्याहून बिकानेरला पेशंट नेणाऱ्या गाडीचं नावच कॅन्सर ट्रेन पडलंय. कापसावरची कीटकनाशकं, भूजलातलं युरेनियम, संशय बऱ्याच गोष्टींवर आहे पण कंद एकच असं अजून सिद्ध नाही. मूळ अडचण अशी की आधी किती होते हे माहीत नसेल तर आता जास्त आहेत हे सांगणार कशावरून? त्यासाठी नोंद लागते. शहरातली नोंद मुंबईत 1963 पासून आहे, आणि खेड्यातली देशात पहिली सुरू झाली ती आपल्या बार्शीला, 1987 मध्ये. याचा अभिमान कुणी बाळगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

एका ठिकाणी मात्र 'साथ' शब्दाला जागा आहे. ब्रिटनमध्ये सेलाफिल्डच्या अणुप्रकल्पाशेजारी सीस्केल गाव आहे, 1983 मध्ये तिथल्या मुलांमधल्या ल्युकेमियाचा गाजावाजा झाला. संशय अर्थातच रेडिएशनवर, पण हिशोब केला तर डोस पुरेसा भरेना. मग 1988 साली लिओ किनलेन यांनी वेगळाच विचार मांडला, की आडबाजूच्या खेड्यात बाहेरून एकदम खूप माणसं कामाला आली, लोक मिसळले, त्यातून एखादा साधा संसर्ग पसरला असावा आणि फार थोड्या मुलांच्या शरीरात त्याची परिणती ल्युकेमियात झाली असावी. हे पटण्याजोगं आहे, आणि यात बाहेरून आलेली माणसं म्हणजे शब्दशः सार्थच की! पण तो जंतू अजून सापडलेला नाही. तेव्हा सीस्केलबद्दल लिहिताना साथ म्हणायचंच असेल तर त्या संभाव्य संसर्गाची म्हणा, ल्युकेमियाची नको.